कोलंबस, ऊस आणि आफ्रिकेतली माणसं: हे सगळं एकमेकांत अडकलं कसं

शाळेच्या पुस्तकात कोलंबस येतो, १४९२, अमेरिकेचा शोध, दोन मार्कांचा प्रश्न, संपलं. मग अमेरिकेतली गुलामगिरी भेटते ती थेट लिंकनच्या वेळी. मधली साडेतीनशे वर्षं गुल. त्यामुळे डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी बसतात, एक तिथल्या मूळ लोकांची, जे कसे कोण जाणे संपून गेले, आणि दुसरी काळ्या गुलामांची, जे कुठून तरी आले. मग कुणीतरी हमखास विचारतंच की अरे, तिथे एवढी माणसं आधीपासून राहत होती तर मजूर म्हणून तीच का नाही वापरली, समुद्र ओलांडून आफ्रिकेतून माणसं आणायचा एवढा खटाटोप कशाला?

उत्तर असं की आधी तिथलीच धरली. भरपूर धरली, विकली, राबवून मारली, आणि आफ्रिकेतून माणसं यायला लागल्यावर पण धरायचं थांबले नाहीत. ही एकच गोष्ट आहे, आणि ती कोलंबसच्या आधीपासून सुरू होते, म्हणून जरा मागून येतो.

पंधराव्या शतकातला पोर्तुगाल म्हणजे युरोपच्या एका टोकाला असलेला छोटा देश, पैसा बेताचाच. पश्चिम आफ्रिकेतलं सोनं उंटांच्या तांड्यांवरून सहारा ओलांडून वर यायचं आणि तो सगळा धंदा मुसलमान व्यापाऱ्यांच्या हातात, तर यांना वाटलं की आपण समुद्रावरून खाली उतरत उतरत थेट सोन्यापर्यंतच का जाऊ नये. या भानगडीत १४१९-२० च्या सुमाराला मदेरा नावाचं बेट हाती लागलं, माणूस एक नाही, पाणी भरपूर, हवा उबदार. तिथे त्यांनी काही वर्षांनी ऊस लावला. आणि इथून खरी गोष्ट चालू होते.

साखर त्या काळी युरोपात औषधवाल्याकडे मिळायची, इतकी महाग. ज्याच्याकडे ऊस त्याच्याकडे पैसा. पण ऊस म्हणजे काय प्रकरण आहे हे कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तोडला की पडून ठेवता येत नाही, लगेच गाळायला लागतो, नाहीतर उतारा घसरतो. म्हणजे तोडणारे, वाहणारे, चरकावर घालणारे, काहिलीपाशी उभे राहून रस आटवणारे, सगळे एकाच वेळी लागतात, रात्रंदिवस, आणि सीझन सुरू झाला की कुणाला सुट्टी नाही. त्या काळच्या चरकात हात अडकला तर हात तोडायला माणूस कुऱ्हाड घेऊनच शेजारी उभा असायचा, कॅरिबियनच्या मळ्यांवर हे पुढे नेहमीचंच होतं. असलं काम राजीखुशीने कोण करणार? ज्याला दुसरीकडे पोट भरायची सोय आहे तो तर नाहीच. म्हणून ऊस जिथे जिथे गेला तिथे मजूर कुठून आणायचे हा प्रश्न त्याच्या मागोमाग गेला, आणि तो प्रत्येक वेळी जबरदस्तीनेच सोडवला गेला.

८ ऑगस्ट १४४४. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर लागोस नावाचं गाव आहे, तिथे जहाजांतून २३५ माणसं उतरवली, बायका, पुरुष, पोरं, सहाराच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेली. राजाचा काका हेन्री घोड्यावर बसून बघत होता, त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे ४६ माणसं. झुरारा नावाचा दरबारी बखरकार हे सगळं लिहून गेलाय, आणि तो हेन्रीचाच माणूस, त्याचं कौतुक करायलाच बसलेला, तरी वाटणी करताना आयांपासून पोरं कशी तोडली, पोरं परत आईकडे कशी धावत होती आणि आया पोरांना छातीशी धरून जमिनीवर कशा पालथ्या पडत होत्या हे त्याच्याने लिहिल्यावाचून राहवलं नाही. मग लगेच पुढे म्हणतो की पण यांचे आत्मे वाचले, हे आता ख्रिश्चन होतील. हे जे "तुझ्याच भल्यासाठी" आहे ना, ते इथून पुढे चारशे वर्षं ऐकायला मिळतं. १४५२ आणि १४५५ मध्ये पोपने फर्मानं काढून पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि इतर "काफिर" लोकांना कायमचं गुलाम करायची मुभाच देऊन टाकली, म्हणजे धर्माचा शिक्का पण बसला.

सुरुवातीला पोर्तुगीज स्वतः किनाऱ्यावर उतरून माणसं पळवायचे, पण खाली सेनेगल-गिनीकडे गेल्यावर तिथली राज्यं काही कच्ची नव्हती, मार खाऊन परत यायला लागलं. मग पळवापळवी सोडून खरेदी-विक्री सुरू केली. १४८२ ला आजच्या घानामध्ये एल्मिनाचा किल्ला बांधला तो पण खरं तर सोन्यासाठी. आणि साओ टोमे नावाच्या बेटावर, विषुववृत्ताच्या अगदी जवळ, त्यांनी पंधराव्या शतकाच्या शेवटी पूर्ण फॉर्म्युला बसवला: रिकामं बेट, ऊस, मालक युरोपचा, मजूर सगळे आफ्रिकेतून विकत आणलेले, साखर विकायची युरोपात. प्लँटेशन म्हणतात ते हेच. अमेरिकेत पुढे जे झालं त्याची ट्रायल आधीच झालेली होती.

आता कोलंबस. हा बाबा मदेराजवळच्या पोर्तो सांतो बेटावर राहिलेला, बायको तिथल्याच पोर्तुगीज सरदाराची मुलगी, आणि साखरेच्या व्यापारासाठी मदेराला पण जाऊन आलेला. म्हणजे साखरेत पैसा कसा होतो हे त्याने जवळून बघितलं होतं. १४९२ च्या ऑक्टोबरमध्ये तो बहामासमध्ये उतरला तेव्हा पहिल्या एक-दोन दिवसांतच त्याने आपल्या नोंदीत लिहिलं की हे लोक चांगले नोकर होतील, आणि पन्नास माणसांच्या बळावर यांना सगळ्यांना ताब्यात ठेवता येईल. दुसऱ्या वर्षी १७ जहाजं घेऊन परत गेला तेव्हा त्यात कॅनरी बेटांवरून घेतलेला ऊस होता.

हिस्पॅनिओला, म्हणजे आजचं हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक, तिथे राहायचे ते टाइनो लोक. कसावा आणि मका लावायचे, मासे धरायचे, गावं मोठी, प्रत्येक भागाचा आपला मुखिया. किती होते यावर इतिहासकारांची जुंपलेली असते, पण काही लाख तरी बरेच जण धरतात. कोलंबसला सोनं दाखवायचं होतं, कारण खर्च केलेला होता आणि त्याला पाठवणारी स्पेनची राणी विचारणार होती. म्हणून त्याने नियम काढला, चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी एक छोटी घंटा भरून सोनं आणून द्यायचं. घंटा म्हणजे शिकारी ससाण्याच्या पायाला बांधतात ती. आता त्या नदीनाल्यांत सोनं होतंच किती? टार्गेट पुरं होणार नव्हतंच. लोक डोंगरात पळाले, शेती सोडली, भूक पडली. १४९५ ला कोलंबसने सोन्याऐवजी माणसंच भरली, साडेपाचशेच्या आसपास टाइनो जहाजांत घालून स्पेनला पाठवले, त्यातले दोनशे वाटेतच गेले आणि प्रेतं समुद्रात टाकली. म्हणजे अटलांटिक ओलांडून गुलामांची जी पहिली मोठी खेप गेली ती आफ्रिकेतून अमेरिकेला गेलीच नाही, ती अमेरिकेतून युरोपला आली.

राणी इझाबेलाला हे पटलं नाही, तिचं म्हणणं की ही माझी प्रजा, तू कोण विकणारा. म्हणून गुलाम करायला मनाई झाली, पण त्यात पळवाटा अशा की विचारू नका: लढाईत पकडलेला चालेल, माणसं खाणारा असेल तर चालेल. मग काय, ज्याला पकडायचं तो माणसं खाणारा ठरायला लागला. आणि बाकीच्यांसाठी एनकोमिएंदा आली. ही समजायला सोपी आहे, जहागीर द्यायची पण जमिनीची नाही, माणसांची. अमुक स्पॅनिश माणसाला अमुक गावचे शंभर टाइनो, त्यांनी याच्यासाठी राबायचं, बदल्यात याने त्यांना धर्म शिकवायचा. कागदावर ते स्वतंत्र, प्रत्यक्षात वेठबिगार, आणि विकत घेतलेल्या गुलामाचे निदान पैसे तरी गुंतलेले असतात म्हणून मालक त्याला जरा जपतो, यांच्यात तेही नाही, फुकटात मिळालेली माणसं, मेली तर दुसरी.

इथे एक गोष्ट मला नेहमी खटकते. लोक सरळ म्हणून टाकतात की देवीच्या रोगाने मेले बिचारे, कुणाचा इलाज नव्हता. रोगाचं खरं आहेच, देवी, गोवर, यांच्या विरुद्ध अंगात काहीच प्रतिकारशक्ती नव्हती आणि पुढे मेक्सिको-पेरूमध्ये रोगाने जे केलं ते तलवारीला जमलंच नसतं. पण हिस्पॅनिओलात देवीची मोठी साथ आली ती १५१८ च्या शेवटी. आणि १५१४ ला स्पॅनिश लोकांनीच माणसं वाटून घेताना जी मोजदाद केली त्यात टाइनो उरले होते जेमतेम २६ हजार. म्हणजे देवी यायच्या आधीच खाणी, उपासमार, पळापळ आणि कापाकापी यांनी काम करून ठेवलेलं होतं. आधी उपाशी ठेवून राबवलेल्या माणसाला साध्या तापाने पण उचललं. रोग आणि वेठ वेगळे काढताच येत नाहीत.

आरडाओरडा कुणीच केला नाही असं नाही हां. १५११ च्या डिसेंबरमध्ये सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये मोंतेसिनोस नावाच्या डॉमिनिकन पाद्र्याने सगळ्या जहागिरदारांना समोर बसवून विचारलं की ही माणसं नाहीत का, यांना आत्मा नाही का. समोरचे भडकले, त्याला परत पाठवा म्हणून राजाकडे तक्रार. त्यातून १५१२ चे बुर्गोसचे कायदे आले, कामाचे तास, सुट्टी, जेवण वगैरे, अंमलबजावणी शून्य. आणि १५१३ ला तर एक कहर कागद निघाला, रेकेरिमिएंतो, म्हणजे लढाईच्या आधी मूळ लोकांना वाचून दाखवायची नोटीस: जगाचा मालक देव, त्याने अधिकार दिला पोपला, पोपने ही जमीन दिली आमच्या राजाला, तर मुकाट्याने माना, नाहीतर तुम्हाला गुलाम करू आणि जे होईल तो दोष तुमचा. वाचायचे स्पॅनिशमध्ये. कधी रिकाम्या गावासमोर, कधी रात्री झाडीतून, कधी म्हणे जहाजावरूनच. शेजारी नोटरी उभा, वाचल्याची नोंद झाली की हल्ला. कायदेशीर काम!

लास कासास नावाचा माणूस त्याच बेटांवर जहागिरदार होता, पाद्रीही होता, १५१४ ला त्याने जहागीर सोडली आणि पुढचं अख्खं आयुष्य मूळ लोकांच्या बाजूने भांडण्यात घातलं, स्पेनला फेऱ्या मारल्या, राजाला गाठलं, १५४२ चे नवे कायदे येण्यात त्याचा मोठा हात. पण याच माणसाने सुरुवातीच्या वर्षांत सुचवलं होतं की टाइनोंना सोडवायचं तर त्यांच्या जागी आफ्रिकन गुलाम आणा. नंतर त्याला कळलं की पोर्तुगीज ती माणसं कशी मिळवतात, आणि त्याने स्वतःच लिहून ठेवलं की हेही तितकंच अन्यायाचं आहे आणि आपण हे सुचवलं याचा पश्चात्ताप होतो. काही जण सगळं खापर त्याच्यावर फोडतात, ते मला पटत नाही, कारण आफ्रिकन गुलाम हिस्पॅनिओलात १५०० नंतर लगेचच यायला लागले होते आणि मळेवाले तर मागणी करत बसलेच होते. १५१८ ला राजा पाचव्या चार्ल्सने आपल्या एका दरबाऱ्याला चार हजार आफ्रिकन माणसं थेट नेण्याचं लायसन्स दिलं, त्याने ते लगेच व्यापाऱ्यांना विकून टाकलं. माणसं नंतर, आधी परमिटचा धंदा.

मेक्सिकोबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळाच मोठा विषय आहे. १५२१ ला कोर्तेसने अझ्टेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान पाडली, पण ती काही शेकडो स्पॅनिशांनी पाडली हे झूठ आहे, त्याच्या बाजूने त्लाश्काला आणि इतर राज्यांचे हजारो मूळ योद्धे होते, ज्यांना अझ्टेकांचा राग होता. आणि मधल्या काळात देवीने शहर पोखरलेलं, नवीन राजा क्विट्लावाक गादीवर बसून तीन महिने पण झाले नाहीत तर देवीनेच गेला.

बरं, आफ्रिकेतलेच का? लोक सांगतात की काळे लोक जास्त कष्ट सोसतात म्हणून. ही मळेवाल्यांचीच थाप आहे, आजपर्यंत चाललीय. खरी कारणं सगळी हिशोबाची. एक तर धंदा आधीपासून चालू होता, जहाजं, किल्ले, दलाल, उधारी सगळं जाग्यावर. दुसरं, मूळ माणूस पळाला तर त्याला जंगल माहीत, भाषा माहीत, दोन दिवसांवर नातेवाईक. आफ्रिकेतून आणलेल्या माणसाला यातलं काहीच नाही, शेजारी साखळीत बांधलेला सुद्धा वेगळी भाषा बोलणारा. तिसरं, आफ्रिकेचा युरोपशी शेकडो वर्षं संबंध असल्याने देवी-गोवर तिकडे आधीच होते, आणि मलेरियाशी शरीर काही प्रमाणात सरावलेलं, त्यामुळे उष्ण बेटांवर युरोपियन मजूर पटापट मरायचे तेवढे हे मरत नव्हते. मरत होतेच, पण हिशोबात बसेल इतके.

आणि आफ्रिकेतल्या राजांनी आपलीच माणसं विकली, हे वाक्य येतंच. अर्धं खरं. विकली, पण त्यांच्या दृष्टीने ती "आपली" नव्हतीच. शेजारच्या राज्याचे युद्धकैदी, कर्ज न फेडलेले, गुन्हेगार. "आपण सगळे आफ्रिकन" ही कल्पना तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हती, जशी इंग्लिश आणि स्पॅनिश माणसाच्या डोक्यात "आपण सगळे युरोपियन" नव्हती. पण मागणी एवढी वाढली की गुलाम मिळावेत म्हणून लढाया व्हायला लागल्या. काँगोचा राजा अफोन्सो, स्वतः ख्रिश्चन झालेला, पोर्तुगीज लिहिता येणारा, त्याने १५२६ ला पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं की तुमचे व्यापारी रोज आमची माणसं पळवतायत, सरदारांची पोरं, आमचे नातेवाईक सुद्धा, देश ओस पडत चाललाय, आम्हाला पाद्री आणि शिक्षक पाठवा, माल नको. उपयोग फारसा झाला नाही.

माल म्हणजे काय काय, तर बंदुका, दारू, लोखंडाच्या कांबी आणि कापड. इथे आपला संबंध येतो. अठराव्या शतकात इंग्लिश जहाजं आफ्रिकेला जे कापड न्यायची त्यात भारतातल्या कापडाचा वाटा मोठा होता, गुजरातचं, कोरोमंडल किनाऱ्याचं, कारण तिकडचं गिऱ्हाईक चोखंदळ, विशिष्ट पट्टा आणि विशिष्ट रंगच पाहिजे, मँचेस्टरवाल्यांना ते अनेक वर्षं जमेना. आणि कवड्या! मालदीवच्या कवड्या बंगालमार्गे किंवा सिलोनमार्गे जहाजाच्या तळाला वजन म्हणून भरून लंडन-ॲमस्टरडॅमला, तिथून पश्चिम आफ्रिकेला, तिथे त्या नाणं म्हणून चालायच्या आणि त्यावर माणसं विकत मिळायची. म्हणजे याला अटलांटिकचा व्यापार म्हणतात खरं, पण त्याचं एक टोक हिंदी महासागरात होतं. ब्राझील पोर्तुगालच्या हाती लागलं ते पण १५०० साली कालिकतला निघालेल्या काब्रालच्या ताफ्याला वाटेत, आणि त्याच ब्राझीलचा काजू पुढे गोव्यात आला.

आकडे बघा म्हणजे अंदाज येईल. अंदाजे १.२५ कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत चढवली, पलीकडे जिवंत उतरली ती १.०७ कोटींच्या आसपास. मधले १८ लाख समुद्रात. आणि किनाऱ्यापर्यंत चालवत आणताना, कोठड्यांत वाट बघताना जे मेले ते यात नाहीतच. एकट्या ब्राझीलला गेले जवळपास ४८ लाख. आज आपण गुलामगिरी म्हटलं की अमेरिका म्हणजे यूएसए डोळ्यांसमोर आणतो, तिथे थेट उतरले चार लाखांहून कमी. मग १८६० पर्यंत तिथे चाळीस लाख गुलाम कसे झाले? तिथे जन्म मृत्यूपेक्षा जास्त होते. साखरेच्या बेटांवर उलटं, माणूस विकत आणायचा, काही वर्षांत झिजवायचा, परत नवीन आणायचा, म्हणून आकडा एवढा फुगला. १८२० पर्यंत अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जितकी माणसं गेली त्यात एका युरोपियनामागे तीनहून जास्त आफ्रिकन होते.

जहाजाची स्थिती मी जास्त लिहीत नाही. ब्रुक्स नावाच्या लिव्हरपूलच्या जहाजाचा एक नकाशा १७८८ ला छापून आला होता, त्यात ४५४ माणसं आडवी, एकमेकांना चिकटून काढलेली, आणि तेवढी तर कायद्याने परवानगी असलेली, त्याच जहाजाने त्याआधी सहाशेच्या वर नेली होती. आणि १७८१ चं झाँग जहाज, पाणी कमी पडतंय म्हणून सव्वाशेच्या वर जिवंत माणसं समुद्रात फेकली आणि मालकांनी इन्शुरन्स क्लेम केला. लंडनच्या कोर्टात केस उभी राहिली ती खुनाची नाही, क्लेम पास होतो की नाही याची.

आता वर इंग्रजांकडे येऊ, कारण मूळ लोक आणि आफ्रिकन या दोन गोष्टी किती गुंतलेल्या होत्या ते तिथे स्पष्ट दिसतं. टिस्क्वांटम नावाचा पाटुक्सेट गावचा माणूस, आजच्या मॅसॅच्युसेट्सचा. १६१४ ला एका इंग्लिश कप्तानाने त्याला आणि इतर वीसेक जणांना व्यापाराच्या बहाण्याने जहाजावर बोलवलं आणि स्पेनच्या मालागा बंदरात विकायला नेलं. हा कसाबसा सुटून इंग्लंडला पोचला, इंग्लिश शिकला, १६१९ ला घरी परत आला तर गाव रिकामं. युरोपियनांकडून आलेल्या साथीने सगळं गाव गेलेलं. पुढच्या वर्षी मेफ्लॉवर जहाजातून इंग्लिश लोक आले आणि त्याच मोकळ्या, आधीच साफ केलेल्या शेतांवर त्यांनी प्लिमथ वसवलं, आणि मका कसा लावायचा हे त्यांना या टिस्क्वांटमनेच शिकवलं. अमेरिकन पोरांच्या धड्यात हा "मदत करणारा चांगला इंडियन" म्हणून येतो, स्पेनला विकायला नेलेला माणूस म्हणून क्वचित.

१६३७ ला त्याच भागात इंग्रजांनी पीकॉट लोकांची वस्ती जाळली, वाचलेल्यांतले काही डिझायर नावाच्या जहाजात घालून कॅरिबियनला विकले, आणि १६३८ ला तेच जहाज परत आलं ते कापूस, तंबाखू, मीठ आणि आफ्रिकन गुलाम घेऊन. जाताना एक, येताना दुसरे. दक्षिणेला कॅरोलायनात तर इंग्रज व्यापारी एका जमातीला बंदुका द्यायचे आणि दुसऱ्या जमातीची माणसं पकडून आणायला लावायचे, १६७० ते १७१५ च्या दरम्यान हजारो, काही अंदाजांनी पन्नास हजारांपर्यंत मूळ लोक असे गुलाम झाले, आणि त्यातले बरेच बाहेरच्या बेटांवर विकले, म्हणजे पळून जायची सोय नको. १७१५ ला यामासी लोक उठले, वसाहत बुडायचीच बाकी होती, तेव्हा कुठे हा धंदा थंडावला.

आणि व्हर्जिनिया. १६१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे वीसेक आफ्रिकन माणसं आली, अंगोलातून मेक्सिकोला चाललेल्या पोर्तुगीज जहाजावरून इंग्लिश चाच्यांनी लुटलेली. गंमत अशी की सुरुवातीला तिथे शेतावर राबणारे बहुतेक गोरेच, गरीब इंग्लिश पोरं, जहाजाच्या भाड्याच्या बदल्यात चार-सात वर्षांच्या करारावर आलेली, त्यांनाही मारहाण, त्यांचीही खरेदी-विक्री. काळ्या माणसाचं कायद्यात स्थान काय हे ठरलेलंच नव्हतं. अँथनी जॉन्सन नावाचा आफ्रिकन माणूस १६२१ ला तिथे आला, सुटला, १६५१ ला २५० एकरांचा मालक होता, आणि त्याच्याकडे पण नोकर होते.

एलिझाबेथ की हिची केस मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाची वाटते. आई आफ्रिकन गुलाम, बाप इंग्लिश, तोही विधानसभेचा सभासद. बापाने तिला ठराविक वर्षांच्या करारावर एकाकडे ठेवलं, ती पुढे दुसऱ्याच्या हातात गेली, मुदत कधीच संपून गेली तरी सोडेना. १६५५ ला मालक मेला तेव्हा मालमत्तेच्या वाटणीत ती गुलाम म्हणून लागली. बाई कोर्टात गेली. म्हणाली, इंग्लिश कायद्यात पोराचा दर्जा बापावरून ठरतो आणि माझा बाप स्वतंत्र इंग्लिश माणूस, दुसरं, मी बाप्तिस्मा झालेली ख्रिश्चन, ख्रिश्चनाला गुलाम कसं ठेवता? आणि १६५६ ला जिंकली. वकिलाशीच लग्न पण केलं.

मग बाकीच्या मालकांच्या पोटात गोळा आला. १६६२ ला व्हर्जिनियाने कायदा केला, पोराचा दर्जा आईवरून ठरणार. इंग्लिश परंपरेच्या बरोबर उलट. परिणाम काय, तर मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली तरी होणारं पोर त्याचं वारस नाही, त्याची मालमत्ता. १६६७ ला दुसरा कायदा, बाप्तिस्मा झाला म्हणून सुटका नाही. म्हणजे एलिझाबेथचे दोन्ही मुद्दे एकेक करून बंद केले. १६६९ ला तिसरा, शिक्षा करताना गुलाम मेला तर तो खून नाही, कारण स्वतःची मालमत्ता मुद्दाम कोण नष्ट करेल? १६७६ ला बेकनच्या बंडात गोरे करारी नोकर आणि काळे गुलाम एकत्र येऊन व्हर्जिनियाची राजधानी जेम्सटाउन जाळून गेले, त्याने मालक लोक आणखी हादरले. तेवढ्यात इंग्लंडमध्ये मजुरी वाढली, करारावर यायला पोरं मिळेनात, आणि गुलामांचा पुरवठा वाढला. रॉयल आफ्रिकन कंपनी १६७२ ला निघाली, प्रमुख कोण, तर इंग्लंडच्या ज्या दुसऱ्या चार्ल्सला लग्नात मुंबई आंदण मिळाली त्याचा भाऊ जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क, आणि काही गुलामांच्या छातीवर त्याच्या नावाची अक्षरं डागलेली असायची. १७०५ पर्यंत व्हर्जिनियात सगळे कायदे एकत्र करून पक्का कोड झाला. बार्बाडोसने ऊस लावल्यावर असाच कोड १६६१ लाच केलेला.

हा क्रम लक्षात घ्या. मजूर हवे होते, मिळेल तिथून धरले, मग धरलेले सुटू नयेत म्हणून कायदे केले, आणि कायदे टिकावेत म्हणून रंगाची सगळी थिअरी रचली. काळे लोक मुळातच असे आणि गोरे तसे, हे पुस्तकी ज्ञान बऱ्याच अंशी नंतरचं. आधी तुच्छता नव्हती असं नाही, झुरारात पण दिसते, पण तिला कोर्टाचं आणि पिढ्यानपिढ्यांचं रूप आलं ते असं. जन्मावरून दर्जा ठरणं म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला शिकवायची गरज नाही, म्हणून तर जोतीराव फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केलं.

आणि लोक गप्प बसलेले नव्हते. १५२१ च्या डिसेंबरात, कोलंबसच्याच मुलाच्या साखरेच्या मळ्यावर हिस्पॅनिओलात आफ्रिकन गुलामांनी पहिलं मोठं बंड केलं. ब्राझीलमध्ये पामारेस नावाची पळून गेलेल्यांची वस्ती जवळजवळ शतकभर टिकली, १६९५ ला तिचा शेवटचा नेता झुंबी मारला गेला. हैती १७९१ ला पेटलं आणि १८०४ ला स्वतंत्र झालं, तर १८२५ ला फ्रान्सने युद्धनौका आणून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली, कशाची, तर मालकांचं नुकसान झालं याची.

भरपाईचं हे सगळीकडे असंच. ब्रिटनने १८३३ ला कायदा करून गुलामगिरी बंद केली आणि दोन कोटी पौंड वाटले, सगळे मालकांना, गुलामांना छदाम नाही, उलट "अप्रेंटिस" म्हणून आणखी काही वर्षं त्याच मळ्यावर राबायचं, ते १८३८ ला संपलं. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटिश करदात्यांनी २०१५ ला फेडला. जॉन ग्लॅडस्टन म्हणून एक बडा मळेवाला, पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा बाप, याला दोन हजारांवर गुलामांची लाखभर पौंड भरपाई मिळाली, आणि याने १८३६ लाच कलकत्त्याच्या कंपनीला पत्र टाकलं की माझ्या गयानाच्या मळ्यांसाठी मजूर पाठवा. १८३८ च्या मे महिन्यात दोन जहाजं पोचली. मॉरिशसला तर १८३४ पासूनच भारतीय मजूर जायला लागले होते, त्यात मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सावंतवाडीकडचे मराठी लोक पण होते, पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. मारहाणीच्या आणि फसवून नेल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की १८३९ ला सरकारने ही भरती बंद केली. मळेवाल्यांनी ओरड केली, आणि १८४२ ला मॉरिशससाठी परत चालू झाली.